‘पिप्पा’ घरी बांधायचाय? पीटी-७६ रणगाड्याचं मॉडेल किट निवडताना नेमकं काय बघायचं

नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पिप्पा’ हा चित्रपट ओटीटीवर आला आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की १९७१ च्या युद्धात भारताकडे पाण्यावर तरंगणारा रणगाडा होता. पीटी-७६ हे त्याचं नाव. चित्रपट पाहून किंवा रील्समध्ये इतरांनी बांधलेली मॉडेल्स पाहून तो स्वतः बांधावासा वाटणारे बरेच जण आहेत. प्लास्टिकचे शेकडो सुटे भाग, डिंकासारखा सिमेंट, रंग आणि काही आठवड्यांची चिकाटी एवढं जमवलं की टेबलावर रणगाडा उभा राहतो.

पण अमरावती किंवा अकोल्यातून असं किट घ्यायचं म्हणजे बहुतेक वेळा ते न बघताच ऑनलाइन मागवावं लागतं. डब्यावरची चित्रं सगळी सारखीच देखणी असतात. नाव एकच, ‘पीटी-७६’. आत मात्र वेगळ्या वर्षाचा, वेगळ्या तोफेचा रणगाडा निघू शकतो. किटला काही हजार रुपये लागतात आणि उघडलेलं किट सहसा परत घेत नाहीत. म्हणून ‘सगळ्यात चांगलं किट कोणतं’ यापेक्षा ‘आपल्याला नेमका कोणता रणगाडा बांधायचाय’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तो कसा सोडवायचा, ते समजून घेऊया.

पीटी-७६ म्हणजे नेमकं काय?

पीटी ही ‘तरंगता रणगाडा’ या अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरं आहेत आणि ७६ हा आकडा ७६.२ मिलिमीटर तोफेवरून आला आहे. सोव्हिएत संघाने हा रणगाडा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यात आणला. वजन सुमारे १४ टन, तीन जणांचा चमू, रस्त्यावर ताशी ४४ किलोमीटर आणि पाण्यात ताशी १० किलोमीटरच्या आसपास वेग.

१४ टनांचं लोखंड बुडत कसं नाही? कारण ते भरीव नाही. पीटी-७६ चा सांगाडा होडीसारखा रुंद आणि पोकळ आहे. १४ टन पाणी बाजूला सारण्याइतका भाग पाण्यात गेला की तो तरंगू लागतो. त्याची चाकंसुद्धा आतून पोकळ ठेवली आहेत. या हलकेपणाची किंमत चिलखताने मोजली. सर्वात जाड ठिकाणीही त्याची जाडी २० मिलिमीटरच्या आसपासच आहे. मशीनगनच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या अडवायला ते पुरेसं, शत्रूच्या रणगाड्याचा गोळा अडवायला मात्र नाही.

भारतीय जवानांनी त्याला ‘पिप्पा’ हे नाव दिलं ते या तरंगण्यावरूनच. रिकामा तुपाचा डबा पाण्यात टाकला की तो बुडत नाही, वर राहतो. वऱ्हाडात आजही तेलाच्या पत्र्याच्या डब्याला ‘पिपा’ म्हणतात, त्यामुळे इथल्या माणसाला हे नाव समजावून सांगायची गरज पडत नाही.

गरीबपूरला काय झालं?

२० आणि २१ नोव्हेंबर १९७१. युद्धाची अधिकृत घोषणा व्हायला अजून जवळपास दोन आठवडे होते. १४ पंजाब ही पायदळाची पलटण आणि तिच्या मदतीला ४५ कॅव्हलरीची १४ पीटी-७६ रणगाड्यांची तुकडी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूर गावापर्यंत पोहोचली. २१ तारखेच्या सकाळी धुक्यात पाकिस्तानी एम-२४ चाफी रणगाड्यांनी हल्ला केला.

चाफी हा अमेरिकी बनावटीचा, पीटी-७६ पेक्षा जाड चिलखताचा रणगाडा. तरीही ही लढाई भारताने जिंकली. पाकिस्तानची ती रणगाडा तुकडी जवळपास संपली, भारताने दोन पीटी-७६ गमावले. तुकडीचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग या लढाईत शहीद झाले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं. याच तुकडीतले कॅप्टन बलरामसिंग मेहता यांनी पुढे ‘द बर्निंग चाफीज’ हे पुस्तक लिहिलं आणि ‘पिप्पा’ चित्रपट त्यावरच आधारलेला आहे.

किट निवडताना हा इतिहास कशासाठी? कारण मॉडेलखाली ‘गरीबपूर, १९७१’ अशी पाटी लावली, की तो शोपीस न राहता खऱ्या माणसांच्या नावाने उभी केलेली वस्तू होते. मग तोफ, रंग, चिखल यांतली प्रत्येक गोष्ट त्या पाटीशी जुळायला हवी.

पहिली परीक्षा : तोफेचं तोंड

पीटी-७६ वर्षानुवर्षं बनत राहिला आणि बदलत गेला. बाहेरून ओळखायची सर्वात सोपी खूण म्हणजे तोफेच्या नळीचं टोक. गोळा सुटताना बसणारा धक्का कमी करण्यासाठी तिथे ‘मझल ब्रेक’ असतो.

• सुरुवातीचा रणगाडा : मझल ब्रेक लांब, त्यावर अनेक अरुंद खाचा. नळीवर फुगवटा नाही.

• १९५७ नंतरचा रणगाडा : मझल ब्रेक आखूड, दोन कप्प्यांचा. शिवाय नळीवर एक फुगीर गोलाकार भाग. गोळा सुटल्यावर नळीतला धूर रणगाड्याच्या आत येऊ नये म्हणून तो असतो.

• पीटी-७६ बी : तोफ वरच्यासारखीच दिसते, पण आत तिला स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे. त्यामुळे खाचखळग्यांतून जातानाही नेम धरता येतो. बाहेरून फरक बारीक आहेत, फोटो शेजारी ठेवूनच ते कळतात.

त्यामुळे क्रम असा ठेवायचा : आधी भारतीय सैन्यातल्या पीटी-७६ चा एखादा स्पष्ट फोटो निवडा. त्यातली तोफ वरच्यापैकी कोणत्या प्रकारात बसते ते पाहा. मग त्या आवृत्तीचं किट शोधा. किट आधी आणि फोटो नंतर केलं, की चुकीची तोफ घरी येते आणि वेगळी धातूची नळी विकत घेण्याचा खर्च वाढतो.

दुसरी परीक्षा : १/३५ की १/७२?

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान. पीटी-७६ चा सांगाडा ६.९१ मीटर लांब आणि सुमारे ३.१५ मीटर रुंद आहे. त्यावरून हिशेब असा होतो :

• १/३५ : लांबी सुमारे १९.७ सेंटिमीटर, रुंदी ९ सेंटिमीटर. तोफ पुढे डोकावते ती धरून जवळपास २२ सेंटिमीटर. शेजारी उभा केलेला जवान पाच सेंटिमीटरच्या आत.

• १/७२ : लांबी सुमारे ९.६ सेंटिमीटर, रुंदी ४.४ सेंटिमीटर. जवान अडीच सेंटिमीटरच्या आत.

१/७२ स्वस्त पडतं, कपाटात कमी जागा घेतं आणि एका फळीवर अख्खी तुकडी उभी करता येते. १४ रणगाड्यांची गरीबपूरची तुकडी मांडायची असेल, तर व्यवहारात हाच पर्याय उरतो. पण भाग इतके लहान असतात की चिमट्यातून उडालेला तुकडा फरशीवर सापडणं कठीण. पहिल्यांदाच किट हातात घेणाऱ्याला १/३५ जास्त सोपं जातं. पीटी-७६ ची तपशीलवार किट्सही याच स्केलमध्ये मिळतात.

तिसरी परीक्षा : डब्यात काय आहे?

१/३५ मध्ये दोन नावं समोर येतात. ट्रम्पीटर ही चिनी कंपनी आणि ईस्टर्न एक्स्प्रेस ही रशियन.

ट्रम्पीटरने पीटी-७६ एकापेक्षा जास्त आवृत्त्यांत काढला आहे. त्यात १९५१ चा सुरुवातीचा नमुनाही आहे आणि पीटी-७६ बी सुद्धा. वर सांगितलेली तोफेची परीक्षा इथेच कामाला येते. एकाच कंपनीचे, जवळपास सारखे दिसणारे डबे आणि आत वेगळे रणगाडे. भाग नीट बसणारे आणि बारकावे जास्त, त्यामुळे किंमत आणि बांधायला लागणारा वेळ दोन्ही जास्त.

ईस्टर्न एक्स्प्रेसचं किट साध्या वळणाचं आहे. अशा किटमध्ये कडांना राहिलेलं जादा प्लास्टिक कापणं, फटी पुट्टीने भरणं आणि पॉलिश पेपरने घासणं ही कामं वाढतात. स्वस्तात मिळालं आणि हाताला सवय असेल तर वाईट सौदा नाही. पहिलंच मॉडेल असेल तर मात्र वाचलेले पैसे चिडचिडीत जातात.

कोणतंही किट मागवण्याआधी विक्रेत्याच्या पानावर आतल्या भागांचे फोटो शोधा आणि तीन गोष्टी तपासा.

• पट्टा : रणगाड्याचा साखळीपट्टा तीन प्रकारे मिळतो. मऊ रबरी एकसंध पट्टा सोपा असतो, पण ताणलेला दिसतो. सुट्या कड्यांचा पट्टा खऱ्यासारखा चाकांवर लोंबतो, पण शेकडो कड्या जोडाव्या लागतात. तिसऱ्या प्रकारात सरळ भागासाठी अखंड पट्ट्या आणि वळणासाठी सुट्या कड्या असतात. नवशिक्यासाठी हा मधला मार्ग बरा.

• धातूचे पातळ भाग : जाळ्या, पट्ट्या यांसाठी पितळेची पातळ पत्री दिलेली असते. ती साध्या प्लास्टिक सिमेंटने चिकटत नाही, त्यासाठी फेव्हिक्विकसारखा इन्स्टंट ग्लू लागतो.

• डिकल : पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. परदेशी किटमध्ये ती कोणत्या देशांची आहेत ते आधी बघा. भारतीय चिन्हं नसतील तर फोटो पाहून हाताने रंगवावी लागतात किंवा डिकल पेपरवर छापून घ्यावी लागतात.

गरीबपूरचा प्रसंगच उभा करायचा असेल तर समोरचा चाफीही लागेल. १/३५ मध्ये इटालेरी आणि ब्रॉन्को या कंपन्यांनी एम-२४ चाफी काढला आहे.

तरंगणाऱ्या गाडीच्या खुणा

साध्या रणगाड्याच्या किटमध्ये जे बघावं लागत नाही, ते इथे बघावं लागतं.

पीटी-७६ च्या पुढच्या बाजूला एक आडवी फळी असते. जमिनीवर ती दुमडून ठेवतात आणि पाण्यात शिरण्याआधी उभी करतात. लाटेचं पाणी चालकाच्या झडपेवर चढू नये हे तिचं काम. मागच्या बाजूला दोन गोल तोंडं असतात. सांगाड्याच्या तळातून ओढलेलं पाणी तिथून जोरात बाहेर फेकलं जातं आणि त्या रेट्यावर रणगाडा पुढे सरकतो. एका बाजूचं तोंड बंद केलं की तो वळतो. दोन्ही बंद करून पाणी बाजूच्या छिद्रांतून पुढच्या दिशेने सोडलं की मागे जातो.

किट तोलताना विचारा : पुढची फळी उभी आणि दुमडलेली, दोन्ही प्रकारे लावता येते का? मागची झाकणं वेगळे भाग म्हणून दिलीत की सांगाड्यातच कोरलीत? नदी ओलांडतानाचं दृश्य करायचं असेल तर फळी उभी आणि झाकणं उघडी हवीत. फळी उभी आणि झाकणं बंद असा रणगाडा पाण्यात पुढे जाणारच नाही. मॉडेल पाहणारा जाणकार सर्वात आधी हीच विसंगती पकडतो.

मॉडेल खरंच तरंगेल का?

हा प्रश्न घरातलं लहान पोर विचारणारच. उत्तर गणितात आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३५ पट कमी झाल्या, तर आकारमान ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी होतं. १४ टनांना या आकड्याने भागलं तर येतात साधारण ३२७ ग्रॅम.

म्हणजे १/३५ चं तयार मॉडेल ३२७ ग्रॅम भरलं आणि त्याचे सगळे सांधे पाणी न शिरण्याइतके बंद असले, तर ते खऱ्या पीटी-७६ इतकंच बुडून तरंगेल. त्याहून हलकं असेल तर जास्त वर राहील. १/७२ साठी हाच आकडा जेमतेम साडेसदतीस ग्रॅम आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे तपासता येतं.

पण रंगवून झाल्यावर बादलीत सोडायची घाई नको. किटच्या सांध्यांतून पाणी शिरतं आणि डिकल सुटतात. प्रयोग करायचाच असेल तर रंगाच्या आधी करा आणि पाणी कुठवर येतं तिथे पेन्सिलने खूण करा. नदीचं दृश्य बनवताना ती खूण उपयोगी पडते.

पीटी-७६ नको, तर ‘सारथ’?

आजच्या भारतीय सैन्यातली तरंगणारी गाडी बांधायची असेल तर बीएमपी-२ हा पर्याय आहे. भारतात तिचं नाव ‘सारथ’ आणि ती तेलंगणातल्या मेदक इथल्या आयुध निर्माणीत बनते. हा रणगाडा नव्हे. पायदळाला घेऊन जाणारं चिलखती वाहन आहे, ३० मिलिमीटर तोफेसह. महाराष्ट्राशी तिचं नातं जवळचं आहे. या गाड्या वापरणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्र अहिल्यानगरला आहे.

पाण्यात चालण्याची तिची पद्धत वेगळी आहे. मागून पाणी फेकणारी यंत्रणा तिच्यात नाही, फिरणारे साखळीपट्टेच पाणी मागे ढकलतात. त्यामुळे पाण्यातला वेग ताशी सात किलोमीटरच्या आसपास, पीटी-७६ पेक्षा कमी. १/३५ मध्ये ट्रम्पीटर आणि रशियाची झ्वेझ्दा या दोन्ही कंपन्यांचं बीएमपी-२ मिळतं. गणित इथेही तेच : भारतीय गाडीचा फोटो आधी, डबा नंतर.

अहिल्यानगरमध्येच रणगाड्यांचं मोठं संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये सुरू झालं. जोडाच्या खुणा, गंज, चाकांवर साचलेली धूळ खऱ्या रणगाड्यावर कशी दिसते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की रंगकामात त्याचा फरक दिसतो.

वऱ्हाडात बांधताना घ्यायची काळजी

किटसोबत येणाऱ्या सूचना अकोल्याचा मे महिना गृहीत धरून लिहिलेल्या नसतात. इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो.

• ऊन : टिनपत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये किट ठेवू नका. पातळ भाग आणि तोफेची नळी वाकते, रबरी पट्टे चिकट होतात. उन्हाळ्यात पार्सल आलं की लगेच उघडून लांब भाग सरळ आहेत का ते पाहा.

• रंग : पाण्यात मिसळणारे ॲक्रेलिक रंग दुपारी ब्रशवरच सुकतात आणि मॉडेलवर रेघोट्या उठतात. सकाळी लवकर रंगवा किंवा रंग उशिरा सुकवणारं द्रावण थोडं मिसळा.

• कूलर : वऱ्हाडातल्या घरात उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणं शक्य नसतं. पण त्याची ओली हवा थेट मॉडेलवर आली तर लॅकर रंगांवर पांढुरकी झाक चढते. रंगकाम दुसऱ्या खोलीत करा किंवा तेवढा वेळ तोंड फिरवा. पावसाळ्यातही हीच अडचण येते.

• वास : सिमेंट आणि थिनरचा वास बंद खोलीत घातक. खिडकी उघडी हवी आणि लहान मुलं, पेटती ज्योत दूर.

• माती : बरेच जण चाकांवर लावायला शेतातली खरी माती चाळून घेतात. वऱ्हाडातली काळी माती सारथसाठी शोभेल, कारण अहिल्यानगरच्या परिसरातही काळी जमीन आहे. गरीबपूरच्या पीटी-७६ वर मात्र ती चुकीची दिसेल. तो गंगेच्या गाळाचा मुलूख. तिथला चिखल फिकट, करड्या-तपकिरी रंगाचा. काळ्या मातीने माखलेला ‘गरीबपूरचा’ रणगाडा पाहिला की तो पूर्णा नदीच्या काठावरून आल्यासारखा वाटतो.

ऑर्डर करण्याआधी

परदेशी वेबसाइटवरची किंमत कमी दिसते, पण स्केल मॉडेल्स सीमाशुल्काच्या वर्गवारीत खेळण्यांसोबत येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. मागवताना चालू दर बघा आणि किंमत, टपाल व शुल्क यांची बेरीज करून मगच भारतातल्या विक्रेत्याच्या किमतीशी तुलना करा. स्प्रे कॅन, थिनर, सिमेंट हे ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवायला अडचणी येतात. ते देशातल्याच विक्रेत्याकडून मागवा आणि किटपेक्षा उशिरा येतील असं धरून चला. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि भागांच्या चौकटी सूचनापत्राशी जुळवून मोजा. कमी भागाची तक्रार करताना तोच पुरावा असतो.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

• पहिलंच मॉडेल आणि १९७१ चा पिप्पा हवाय : ट्रम्पीटर, १/३५, फोटोतल्या तोफेशी जुळणारी आवृत्ती.

• हात बसलाय, बजेट कमी आहे : ईस्टर्न एक्स्प्रेस, सोबत पुट्टी आणि पॉलिश पेपर.

• गरीबपूरची अख्खी तुकडी मांडायची आहे : १/७२.

• आजच्या सैन्यातली गाडी हवीय : ट्रम्पीटर किंवा झ्वेझ्दाचं बीएमपी-२.

खऱ्या पीटी-७६ चं सर्वात जाड चिलखत १/३५ मध्ये मोजलं, तर अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त भरतं. एटीएम कार्डाची जाडीही त्याहून जास्त असते. एवढ्या पत्र्याच्या आत बसून त्या तुकडीने धुक्यात चाफींचा सामना केला होता.